चौथी खुर्ची

कंडक्टरबाईला दमा, आतड्याला सूज आणि अंगावर कधी गांधी उठतील याचा नेम नाही. पोटाचा डॉक्टर म्हणायचा, दम्याचं वरच्या मजल्यावर सांगा. छातीचा म्हणायचा, गांधी त्याच्याही वर दाखवा. एका बाईचे तीन तुकडे करून तीन मजल्यांवर वाटलेले! शेवटी आतड्याच्या ऑपरेशनची तारीख पडली, तेव्हा बाई भडकली आणि थेट हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये घुसली. तिथे तिघेही एकाच टेबलावर चहा ढोसत बसलेले. तिने चौथी खुर्ची ओढली.

"बाई, इथे पेशंट तपासत नाही," छातीचा डॉक्टर गुरगुरला.

"मग नुसत्या गप्पा मारा. माझ्याबद्दल."

पोटाच्या डॉक्टरने ओशाळून आपला चहा तिच्यापुढे सरकवला. ॲलर्जीच्या डॉक्टरने झडप घालून कप मागे ओढला. "यांना दूध म्हणजे विष आहे! आजच रिपोर्ट आलाय."

"अरे देवा, मी यांना दोन्ही वेळा दही खायला सांगितलंय!" पोटाचा डॉक्टर म्हणाला.

"तरीच," छातीचा डॉक्टर पुटपुटला, "पंप वाढवूनही यांचा दमा हटेना."

"ऑपरेशन थांबवतो. आधी दूध तोडून बघू."

बाईने चमचा उचलून कपावर दोनदा टणटण वाजवलं. "चला, सुटली एकदाची गाडी!"