ओट्याची दुसरी रेघ

नव्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याचा खिडकीकडचा अर्धा भाग चांगला वीतभर खाली होता.

"मिस्तरी, हे काय?" ती दारातूनच ओरडली.

मिस्तरी थापी हातात घेऊन उठले. "काय झालं, ताई?"

"काय झालं काय! छत्तीस इंच ठरलं होतं ना? माझंच माप घेतलंत की तुम्ही!"

घेतलं होतं. या मिस्तरींची पद्धतच तशी. छापील माप ते मानत नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला लावायचा आणि कोपराच्या जरा खाली पेन्सिलीने रेघ मारायची. तीही शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली होती. भाड्याच्या घरातल्या ठेंगण्या ओट्यावर अकरा वर्षं वाकून तिच्या कमरेचं पार भुस्कट पडलं होतं.

बाकी सगळीकडे तिनेच माघार घेतली होती. तिला पाचवा मजला हवा होता, नवऱ्याने तळमजला घेतला. तिला छतापर्यंत कपाटं हवी होती, त्याने सगळे कप्पे खाली आणले. दार रुंद करण्याच्या नादात फ्रिजची जागा गेली. काही विचारलं की एकच उत्तर, "आईचे गुडघे." आणि आई कोण, तर सुटलेली बस धावत जाऊन पकडणारी बाई! पण म्हटलं, जाऊ दे. ओटा तेवढा माझ्या मापाचा, बाकी तुझं चालू दे. असं दोघांचं ठरलं होतं.

"आणि खाली कपाट कुठंय? पोकळ का ठेवलंत?"

"साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, मोकळं ठेवा, खुर्ची आत गेली पाहिजे."

"कसली खुर्ची?"

"चाकांची."

तिला हसूच आलं. "आईंना चाकांची खुर्ची? कानावर गेलं तर तीच खुर्ची घालतील त्याच्या डोक्यात! आणि त्यांचं माप घेतलंत कधी? त्या तर इकडे फिरकल्याही नाहीत."

"आजींचं नाही हो." मिस्तरींनी भिंतीकडे बोट केलं. वरच्या रेघेपुढे 'ताई' लिहिलं होतं. खाली दुसरी रेघ होती, तिच्यापुढे 'साहेब, बसून'. "मागच्या आठवड्यात आले होते. या माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, आता माझं घ्या. मी म्हटलं, बसून कसलं माप देता साहेब? तर नुसते हसले."

तिने दोन्ही रेघा परत वाचल्या.  हल्ली बूट घालताना तो भिंतीला धरायचा. स्कूटर विकून टाकली, का ते सांगितलं नाही. परवा सतरंजीच्या काठाला अडखळला तेव्हा ती म्हणाली होती, "म्हातारा झालास रे!" आणि खो खो हसली होती. हे आठवलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

एवढ्यात नवरा आला. चौकटीला हात टेकून उभा राहिला. त्याने तिचा चेहरा पाहिला, भिंत पाहिली.

"मिस्तरी, चहा पिऊन या जरा."

मिस्तरी थापी ठेवून बाहेर गेले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"चार महिने झाले. पायांच्या नसांचं आहे. औषध नाही म्हणतात. अजून वर्ष, दीड वर्ष चालेन."

"चार महिने! आणि मी तुझ्याशी कपाटांवरून भांडत होते?"

"भांडत होतीस तेवढंच बरं वाटत होतं."

"सांगायला काय झालं होतं तुला?"

"घर नक्की झालं की सांगू म्हटलं. मग म्हटलं, ओटा झाला की." तो खाली बघून बोलत होता. "तू कामावर जाणार. मी दिवसभर घरात बसून काय करू? निदान भाजी चिरून ठेवेन. आणि तुझा भाग छत्तीसच आहे हं. त्याला हात लावू दिला नाही मी."

तिला त्याला बडवून काढावंसं वाटलं, आणि घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच जमेना. ती कोपऱ्यातल्या रंगाच्या डागांनी भरलेल्या स्टुलाकडे बघत राहिली.

"याच्यावर बसलास?"

"हो."

"खऱ्या खुर्चीत बसून पाहिलंस का एकदा तरी?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आत्तापर्यंत सांभाळलेला त्याचा चेहरा एकदम पडला. "दुकानापर्यंत गेलो होतो. दोनदा. आत जाववेना."

ती ओट्यापाशी गेली. खालच्या पोकळीत हात घालून उंची चाचपली.

"अरे वेड्या, त्या खुर्चीला हात असतात. ते इथे अडकतील. तू बाहेरच राहशील."

 तिने पदराच्या टोकाने डोळे खसाखसा पुसले, खालच्या रेघेवर अंगठा घासला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली,

"मिस्तरी! दगड पक्का करू नका अजून. साहेबांचं माप चुकलंय. उद्या आम्ही दोघं खुर्ची घेऊन येतो."