चौदावं विधान

बडोद्याच्या एका कारखान्यातल्या दोनशे बारा बायकांनी अहल्याच्या पीएचडीसाठी वीस विधानांना एक ते पाच गुण दिले होते. पाच म्हणजे अगदी खरं. गुणांमधले चढउतार जुळवून विधानांचे गट पाडायचे होते, पण कॉम्प्युटर ते पाडेना. चौदावं आड येत होतं : ‘साहेबांच्या केबिनमध्ये एकटीनं जायची भीती वाटते.’ सगळ्यांचे पाच.

“आकड्यांत फरकच नाही, तर विश्लेषण कशाचं करणार? काढून टाक ते,” गाइड लक्ष्मीकांत सर म्हणाले.

“सर, एकीनंही चार दिले नाहीत. दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतंय ना, बेटा. म्हणूनच ते निरुपयोगी आहे.”

दातओठ खात तिनं ते पुसलं. लगेच गट पडले. हातमोजे, पंखे, दिवे यांची विधानं एकत्र आली. सरांनी खूश होऊन त्या गटाला नाव दिलं : सुरक्षितता.