शहरात एकच

“एक साधा प्रश्न आहे, डॉक्टर,” शोरूमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या. “हे घड्याळ कधी दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं होतं?”

डॉक्टरांच्या मानेवरून घामाचा थेंब कॉलरमध्ये उतरला. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारे हे दंतवैद्य आज स्वतःचं तोंड मिटून ठेवायच्या तयारीने आले होते.

“नाही,” ते म्हणाले.

टेबलावरच्या मखमली ताटलीत घड्याळ पडलं होतं. निळी तबकडी आणि तिच्यात हळूहळू भरत जाणारा चंद्र. या शहरात कंपनीने असं एकच विकलं होतं. ते कोणाला विकलं, हे डॉक्टरांच्या प्रत्येक पेशंटला, तोंडात कापूस असल्यामुळे, ऐकून घ्यावं लागलं होतं.

कंपनीचा नियम कडक. बाहेरच्या माणसाने घड्याळ उघडलं, की गिऱ्हाइकाचं नाव दुर्मीळ घड्याळांच्या प्रतीक्षायादीतून कायमचं जायचं. एका हाडांच्या डॉक्टरांनी नुसता पट्टा बाहेर बदलून घेतला, तर आता शोरूमचा दरवानही त्यांना ओळख दाखवत नाही. आणि आपल्या डॉक्टरांचा नंबर याच महिन्यात लागायचा होता. नव्या घड्याळाचे जगात पंधराच नग. त्यासाठी अकरा वर्षांत त्यांनी न आवडणारी सहा घड्याळं हसतमुखाने घेतली होती.

घोळ झाला तो मार्चमध्ये. घड्याळ बंद पडलं. कंपनीकडे दुरुस्तीला आठ महिने, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांचं संमेलन आठ दिवसांवर. तिथे रिकाम्या मनगटाने जायचं कसं? डॉक्टर तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे गेले.

“माझ्या बाळंतपणालाही तुमची एवढी धावपळ झाली नव्हती,” बायको म्हणाली होती.

“कोणी विचारलं तर तुला काही माहीत नाही.”

“मला कधी काय माहीत असतं?”

सहा दिवसांनी घड्याळजीने ते परत दिलं. “रोज हातात घालून फिरलो, डॉक्टर. चालवून बघितल्याशिवाय देत नाही मी.” पंधरवड्यात त्याने दुकान बंद केलं आणि बिऱ्हाड हलवलं. बाहेरचा एकुलता एक साक्षीदार गेला म्हणून डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

आणि काल कंपनीचा फोन आला. घड्याळ घेऊन या, थोडी चौकशी आहे.

खिडकीपाशी एक गृहस्थ बसले होते. “हे मुद्दाम आलेत,” एवढीच बाईंनी ओळख करून दिली होती. गृहस्थांचं मनगट उघडं होतं. खरे कारागीर घड्याळ घालत नाहीत, असं डॉक्टरांनी कंपनीच्या पुस्तिकेत वाचलं होतं. म्हणजे थेट कारखान्यातून तज्ज्ञ.

“शहरात हे एकच ना?” गृहस्थांनी विचारलं.

“एकच.” तेवढ्यापुरता डॉक्टरांचा आवाज ताठ झाला.

“मार्चमध्येही तुमच्याकडेच होतं?”

मार्च. म्हणजे यांना वास लागलाय.

“माझ्याच हातात.”

“नीट आठवा. मेहुणा, मित्र, एखादा दुरुस्तीवाला? तसं असेल तर सांगून टाका. त्यात तुमचंच भलं आहे.”

‘अजिबात दुखणार नाही’ म्हणताना डॉक्टर पेशंटपुढे नेमका हाच सूर लावत. ते सावरून बसले.

“साहेब, आंघोळीपुरतं काढतो. एरवी झोपेतसुद्धा हातात असतं. अख्ख्या मार्चमध्ये एक तासही दुसऱ्याकडे नव्हतं.”

“लिहून द्याल?”

कागद पुढे आला. डॉक्टरांनी लिहिलं, एक मार्च ते एकतीस मार्च अशा तारखा घातल्या, खाली झोकदार सही केली.

“माझा नंबर राहील ना?” त्यांनी बाईंना हळूच विचारलं.

“बाहेरचा हात लागलेला नाही म्हणता, मग कंपनीची काहीच तक्रार नाही,” बाई म्हणाल्या. त्या त्यांच्याकडे बघत मात्र नव्हत्या.

गृहस्थांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दाराबाहेरच्या दोन शिपायांना आत बोलावलं.

“चौदा मार्चला बँकेच्या रखवालदाराचा गळा आवळणाऱ्याने तोंड झाकलं होतं, डॉक्टर,” ते म्हणाले. “पण कॅमेऱ्यात मनगट स्वच्छ दिसतंय.”