चंद्रोदयाची वेळ

संकष्टीचा उपास, पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि सकाळपासून मी लॅपटॉपशी झगडत होते. प्रदूषणामुळे घरून काम करा म्हणाले, पण फरीदाबादच्या घरातून कोलकात्याच्या हेड ऑफिसला जोडणारं ते व्हीपीएन काही केल्या चालेना. इन्स्टॉल करा, काढा, पुन्हा टाका. दर वेळी पासवर्ड घ्यायचं, गोल गोल फिरायचं आणि लाल अक्षरांत 'कनेक्शन फेल्ड'. हेल्पडेस्कचा विनय फोनवर एकच सांगे, "मॅडम, एक बार जुड़ गया, तो समझिए आप कोलकाता ऑफिस में ही बैठी हैं." मी बाप्पाचं नाव घेत राग गिळत होते.

संध्याकाळी एकदाचं जोडलं, रिपोर्ट गेला. तोवर माझा फोन बंद पडला होता. बाहेर धुरकं इतकं, की समोरची बिल्डिंग दिसेना. चंद्र कुठला दिसायला!

हे म्हणाले, "चलो, कॅलेंडरात वेळ बघ आणि जेव."

"अहो, ती मुंबईची वेळ. लग्नापासून एक संकष्टी मोडली नाही, आता दुसऱ्या गावच्या चंद्रावर उपास सोडू होय?"

लॅपटॉपवरच पंचांगाची साइट उघडली. चंद्रोदय होऊन गेला होता! घाईघाईनं अर्घ्य दिलं, आरती केली, नैवेद्याचा मोदक तोंडात टाकला.

तेवढ्यात ह्यांनी चष्मा लावून स्क्रीनवर बघितलं. "उल्का, वर 'कोलकाता' लिहिलंय गं. फरीदाबादचा चंद्र अजून उगवायचाय."