चंद्रावरची लंगडी

“आजी, खरं सांग, आमच्यावाचून तुला मजा येते ना?” हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून शाल्मलीने पडद्यावरच्या आजीला विचारून टाकलं.

आई-बाबांनी तिला भलतंच पढवलं होतं. “परत ये म्हण. तुझा शब्द ती मोडत नाही.” आजी राहायची त्या चंद्रावरच्या वसाहतीत साठीच्या आतल्या कुणालाच प्रवेश नव्हता. आजीचं परतीचं यान उद्या सुटणार होतं. ते चुकलं, तर तिकडे नाजूक झालेली तिची हाडं पृथ्वीवरचं वजन पुन्हा कधीच पेलणार नव्हती.

आजी पडद्याजवळ सरकली. “आठवण रोज येते गं. पण इथे मी पिसासारखी हलकी! सांगलीत जिना उतरताना रडकुंडीला यायचे, आणि काल लंगडीत समोरचा अख्खा संघ बाद केला. पोरी मला कॅप्टन म्हणतात.”

“पोरी?”

“सत्तरीच्या!” आजी खिदळली. मग हळूच म्हणाली, “तू ये म्हणालीस, तर येईन हं.”

शाल्मलीची छाती अभिमानाने फुगली.

बाहेर येऊन तिने आई-बाबांना जाहीर केलं, “आजी परत येत नाहीये. मीच तिला राहा म्हटलं. आता रडायचं असेल तर माझ्यासमोर रडा, तिच्यासमोर नाही.”