कमळांची इस्त्री

रेवाचं सुतक फिटलं, त्या दिवशी जाऊबाईंनी घरातली चादर न् चादर धुवायला काढली. पोरीने शेवटची रंगवलेली साडी तेवढी शालनताईंनी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "ही मी धुते. तुम्ही घासाल."

हाताने रंगवलेली साडी कशी जपायची, हे त्या दहा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आल्या होत्या. थंड पाणी घ्या, मीठ टाका, पिळू नका, सावलीत वाळवा. आज त्यांनी सगळं तसंच केलं आणि लेकीच्या हातची निळी कमळं अलगद बादलीत सोडली.

बघता बघता पाणी निळं झालं. घाईने साडी उचलली, तर कमळांच्या जागी नुसते फिकट डाग.

"अगंबाई! कच्चा रंग वापरला होता की काय पोरीने?" जाऊबाई म्हणाल्या.

रंग कच्चा नव्हता, हे शालनताईंना ठाऊक होतं. रंग वाळला की साडीवर उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची, तेव्हा कुठे तो कापडात मुरतो. रेवा रंगवायची आणि इस्त्री आईची, हे ठरलेलं. दवाखान्यात जायला रिक्षात बसतानासुद्धा पोर म्हणाली होती, "आई, कमळांची इस्त्री राहिलीय गं. विसरू नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. कुणी गिऱ्हाईक होतं. "ताई, तुमच्याकडची साडी पहिल्यांदाच धुतेय. रंग जाणार नाही ना?"

निळ्या झालेल्या हातात फोन धरून त्या म्हणाल्या, "नाही हो. माझ्या लेकीचा रंग पक्का असतो."