करवतीला तेल

मालकांचे जावईबापू कारखान्याचे मॅनेजर झाले आणि पहिल्याच सोमवारी तेलाची बुधली घेऊन निघाले. कोनात पट्ट्या कापणाऱ्या विजेच्या करवतीपाशी मावशी प्लग काढून भुसा झाडत होत्या. फोटोच्या चौकटी कापण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि दहाही बोटं शाबूत होती.

"मशीन कोरडं ठणठणीत आहे. तेल कुठाय?"

"पात्यावरच्या झाकणाला तेल नको, साहेब. भुसा चिकटून त्याची खळ होते. मग झाकण वरच अडकतं आणि पातं उघडं राहतं."

"मावशी, इंजिनिअर मी आहे," असं म्हणत त्यांनी झाकणावर अशी धार धरली, जणू मशीनला न्हाऊमाखू घालायचं होतं.

बुधवारी झाकण वर गेलं ते वरच राहिलं. मावशींनी प्लग काढला आणि साहेबांना बोलावून दाखवलं.

"त्यात काय एवढं? दर वेळी हाताने खाली ढकलायचं."

"प्लग लावते. तुम्ही एकदा ढकलून दाखवा."

साहेबांनी पात्याच्या दातांकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. मग एक हात बाहेर काढून बुधली उचलली आणि पलीकडच्या रंध्याच्या मशीनची वाट धरली.

मावशी चिंधीने झाकण पुसत होत्या, तेवढ्यात मालक आले. "जावईबापू दिसत नाहीत कुठे?"

मावशींनी मान वर केली नाही.

"गेले तेल लावत."